कुरिंब्यात मुखिया मिळेना

अपिसाई तुइलोमा साखर कारखान्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि हेडक्लार्क माणसाने सुवार्ता सांगायला परदेशी जाऊ नये असा कुठे नियम नाही. असता तर तो त्यांनाच आधी ठाऊक असता. फिजी बेटांवरच्या नालोमा गावात नियम माहीत असणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. त्यामुळे लोकांना आदर कमी वाटायचा आणि कंटाळा जास्त यायचा, एवढंच.

तरुण संघाला ऑस्ट्रेलियाला न्यायचं खूळ मूळचं पाळकसाहेबांचं. एका रविवारी उपदेशात ते म्हणाले की आपल्या पणज्यांना देवाचा शब्द सांगायला तिकडून माणसं शिडाच्या जहाजातून आली. त्यांचं आपल्याकडे दर वेळी गोडच स्वागत झालं असं नाही, तो भाग पाळकसाहेबांनी खोकून ओलांडला. आता तिकडची देवळं ओस पडली आहेत, तेव्हा उपकार फेडायची पाळी आपली, असं म्हणून त्यांनी कुरिंबा नावाच्या गावाहून आलेला निरोप सांगितला. तिथल्या मंडळीचे चिटणीस लायल प्रिचर्ड म्हणून कुणी गव्हाचे शेतकरी होते. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही उरलो मूठभर, त्यात अर्ध्यांचे गुडघे गेलेले. तुमची मुलं गातात असं ऐकतो. एक रविवार तरी देऊळ गाण्याने भरलेलं बघायचं आहे.

झालं. दुसऱ्या दिवसापासून अपिसाईंच्या ओसरीवर सल्ल्यांचा पूर आला. शेजारचा विलिकेसा एका हंगामात तिकडे संत्री तोडून आला होता, त्यामुळे त्या खंडाविषयी तो अधिकारवाणीने बोलत असे. तिकडे कुणाकडे न कळवता जायचं नाही, हे त्याने सांगितलं, तेव्हा अपिसाईंच्या बायकोने, मेरेओनीने विचारलं की मग माणूस घरी आहे की नाही हे कळतं कसं. विलिकेसाने तिकडच्या माश्यांचा विषय काढला. त्या म्हणे थेट तोंडात शिरतात, म्हणून तिकडची माणसं ओठ न हलवता बोलतात.

पण खरी गोष्ट घडली ती मुखियांच्या घरी. मुखियांनी यांगोनाच्या, ज्या घोटून पेय करतात त्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी फितीने बांधून अपिसाईंच्या पुढ्यात ठेवली. पाहुणा म्हणून कुठल्याही गावी गेलं की आधी ही जुडी तिथल्या मुखियापुढे ठेवायची, बसून, नीट शब्दांत, दारात उभे आहोत, आत येऊ का, असं विचारायचं. त्याने ती घेतली की तुम्ही त्या गावचे. जो बोलणाऱ्याच्या पाठीशी चटईवर बसला, तो मागणीत आला, मग तो कुणी का असेना. आणि जुडी परत दिली, तर आल्या वाटेने चालू लागायचं.

"तिथल्या मुखियाने घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," मुखिया म्हणाले. "ना वचन, ना गाणं. दुसऱ्याच्या अंगणात न विचारता गाणारा तो पाहुणा नव्हे, कोंबडा."

अपिसाईंनी जुडी दोन्ही हातांनी उचलली. त्यांचे वडील गावाचे बोलणारे होते. मुखियाच्या वतीने बोलायचं काम त्यांच्या घरात पिढीजात चालत आलेलं. वडील बोलायला लागले की आजारी माणूस उशीवरून मान उचलायचा. अपिसाई मात्र शाळा शिकून कचेरीत चिकटले, आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्याऐवजी एक चुलतभाऊ बोलत होता. बापाला आवाज मिळाला, पोराला शिक्का, असं लोक म्हणायचे, आणि अपिसाईंना ऐकू जाऊ नये म्हणून जेवढं हळू म्हणायला हवं तेवढं हळू म्हणत नसत. हा चुलतभाऊ परदेशी जाईना, कारण त्याला विमानाची भीती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा जुडी अपिसाईंकडे आली. ती जर कुणी घेतलीच नाही, तर शिक्का कायमचा बसला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घोडं अडलं ते विमानतळावरच. सामान तपासणाऱ्या बाईने गणवेश घातला होता, ती देशाच्या दारात उभी होती, आणि तिने विचारलं, "तुम्ही काय आणलंय?" आता नालोम्यात जुन्या काळापासून दारावरचा माणूस हाच प्रश्न हेच शब्द वापरून विचारत आला आहे. अपिसाई तिथल्या तिथे मांडी घालून बसले. त्यांच्यामागे सगळा तरुण संघ बसला. संघाच्या मागे असलेला एक जपानी म्हातारा, इथली रीत असेल असं समजून, तोही बसला.

"मामा, उठा," उनाइसी त्यांच्या कानाशी म्हणाली. ही त्यांची भाची, गाण्यातली पुढची, आणि जिभेनेही पुढचीच. "ही मुखिया नाही, नोकर आहे."

पण तोवर बाईंनी जुडी दोन्ही हातांनी उचलली होती. दोन्ही हातांनी घेणं म्हणजे स्वीकारणंच. बाईंनी जुडी उलटीपालटी करून हुंगली, एवढी आणायला परवानगी आहे, छान, असं म्हणाल्या, आणि परत दिली.

परत दिली. म्हणजे रीतीप्रमाणे गावाने हाकललं. बाई हसून पुढे चला म्हणत होत्या आणि संघ हलेना. मोठ्या अंगाचा, रग्बीत पुढे खेळणारा जोने तर परतीचं विमान कधी आहे ते बघायला लागला. शेवटी अपिसाईंनी हेडक्लार्कच्या अनुभवावर निकाल दिला: दारावरच्या शिपायाने अर्ज परत केला म्हणजे साहेबाने नाकारला असं होत नाही. हा निकाल सगळ्यांना पटला आणि जपानी आजोबाही समाधानाने उठले.

कुरिंब्याला पोचायला दिवसभर बस. गहू, मेंढ्या, कुंपण, पुन्हा गहू. गाव दिसायला लागलं तसं अपिसाईंनी गावाच्या वेशीवरच बस थांबवायला सांगितली. सुस्वागतमचा फलक होता, त्याच्या सावलीत चटई अंथरली. टोप्या काढल्या, काळे चष्मे काढले, पोरींनी खांदे कापडाने झाकले, आणि सगळे रीतीप्रमाणे बसून राहिले. आता गावातून माणूस यायचा, कोण, कुठले विचारायचा आणि मुखियाकडे न्यायचा.

माणूस येईना. मोटारी मात्र जात होत्या. प्रत्येक मोटारवाला चाकावरून एक बोट वर उचलायचा आणि पुढे जायचा. हा तिकडचा नुसता नमस्कार, पण हे बोट म्हणजे 'थांबा, सांगून येतो' असं अपिसाईंनी ताडलं. दर मोटारीगणिक त्यांचा विश्वास वाढत गेला. विलिकेसाची माश्यांबद्दलची माहिती तेवढी खरी निघाली. मेंढ्या राखणारा एक तांबूस कुत्रा आला, सगळ्यांना हुंगून अपिसाईंच्या पाठीशी चटईवर टेकला आणि झोपी गेला.

"मामा, हाही मागणीत आला बरं का," जोने म्हणाला. अपिसाईंनी त्याच्याकडे कचेरीतल्या नजरेने पाहिलं.

तिकडे देवळाच्या दालनात लायल प्रिचर्ड, त्यांच्या पत्नी बेरिल आणि उरलीसुरली मंडळी चहा, केक आणि सँडविच मांडून बसली होती. पाहुणे किती उशीर करताहेत, बेटांवरच्या लोकांना घड्याळाचं काही नाही म्हणतात ते खरंच, असं तिथे चाललं होतं. इकडे चटईवर, यजमान किती उशीर करताहेत, या लोकांना पाहुण्याचं काही नाही म्हणतात ते खरंच, असं चाललं होतं. दोन्हीकडे माणसं भली, त्यामुळे कुणी मोठ्याने बोललं नाही आणि दुपार अशीच गेली. अखेर कुत्रा हरवला म्हणून लायलच शोधायला निघाले, आणि कुत्र्यासकट त्यांना सगळा तरुण संघ सापडला.

उंच, वाळका, टोपीखाली लाल मानेचा हा माणूस दिसताच अपिसाईंनी ओळखलं, हाच. त्यांनी जुडी पुढे सरकवून सुरुवात केली, तर लायल दोन पावलं मागे सरले.

"मी मुखिया? छे, छे. मी नुसता चिटणीस आहे हो. दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून."

मग मुखिया कोण, या प्रश्नावर कुरिंबा गावाने पुढचे सगळे दिवस खर्च केले. महापौर होत्या, पण त्या दूरच्या मोठ्या गावात राहत आणि इकडे निवडणुकीला आणि मेंढ्यांच्या जत्रेला येत. दारूच्या गुत्त्याचा मालक डॅरल म्हणाला की मी इथे येऊन फार दिवस नाही झाले, वीसेक वर्षं. मला अजून गाव नवखा समजतं. आग विझवणाऱ्या पथकाचा कप्तान म्हणाला, माझा हुकूम चालतो, पण फक्त आग लागली तर. तो बिचारा एवढा मदतीला तयार होता की एखादी छोटीशी लावू का असं त्याने विचारलं. अपिसाईंना हळूहळू ध्यानात आलं की या गावात जो स्वतःला मोठा म्हणवेल त्याची चेष्टा होते, म्हणून सगळा गाव एकमेकांच्या मागे लपून उभा आहे. नालोम्यात शेंबड्या पोरालाही मुखिया कोण ते ठाऊक असतं. इथे शहाण्यासुरत्या माणसांची बैठक बसली, चहा झाला, आणि पुढच्या बैठकीचा दिवस ठरवून उठली.

तोवर गाणं बंद. चौकात पत्रकं लागलेली, फिजीच्या बेटांवरचे सुप्रसिद्ध गायक, आणि गायक तोंडाला कुलूप लावून देवळाची पन्हाळं साफ करताहेत. नुसतं बसून तरी काय करायचं, म्हणून त्यांनी कुंपण रंगवलं, बेरिलबाईंच्या कोंबड्यांना नवं खुराडं केलं, भांडी घासली. घासताना जोने नाकातल्या नाकात गुणगुणला, तर अपिसाईंनी ओल्या फडक्याने त्याला गप्प केलं. बेटांवरची मुलं किती शांत असतात, यावर गावात कौतुकाने बोललं जाऊ लागलं. एका आजीबाईंनी तर आपल्या नातवाला त्यांचं उदाहरण दिलं.

अपिसाईंना मात्र झोप लागेना. मेरेओनीचा फोन आला तेव्हा त्यांनी हवापाण्याची चौकशी केली.

"अहो, जुडी घेतली का कुणी, ते सांगा," ती म्हणाली. "मुखिया रोज विचारतात. विलिकेसा म्हणतो, तिकडे मुखियाच नसतो, आणि तुम्हाला तसं आधीच सांगितलं होतं म्हणून सांगत फिरतोय."

अपिसाई म्हणाले की प्रकरण विचाराधीन आहे. मग मेरेओनी म्हणाली, जेवा वेळेवर.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला लायलच्या घरी सगळे होते. मटण छान झालं होतं. उनाइसीने बशी पुढे करता करता विचारलं, "काका, मुखिया नसू दे. ही जमीन कुणाची, तेवढं सांगा. आमच्याकडे जमिनीचा मालक तोच दाराचा मालक."

"ही माझी," लायल म्हणाले. "म्हणजे बापाची. आजोबांनी घेतली होती."

"कुणाकडून?"

लायल मटण कापत होते, ते थांबले. काटा खाली ठेवला. उनाइसीला वाटलं आपण काही वावगं बोललो, आणि अपिसाईंना तर तशी खात्रीच पटली. मग बेरिलबाई हळूच म्हणाल्या, "लायल, मर्ल उद्या परत येतेय."

काखेत कळसा म्हणतात तो असा. मर्लमावशी याच देवळातल्या शेवटच्या बाकावर गेली साठेक वर्षं बसत होत्या. हे लोक आले तेव्हा त्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात लेकीकडे गेल्या होत्या, एवढंच. त्यांची माणसं इथली मूळची. लायलच्या आजोबांच्या आधीची, गव्हाच्या आधीची, कुरिंबा हे नावही त्यांच्याच भाषेतलं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि इतके दिवस बैठकांवर बैठका झाल्या त्यात कुणाच्या तोंडी त्यांचं नाव आलं नव्हतं. लायलना रात्रभर हेच टोचत राहिलं असावं, कारण सकाळी त्यांनी जोनेला दोनदा चहा दिला आणि स्वतः घ्यायला विसरले.

रविवारी उपासनेआधी देवळाच्या आवारात मोठ्या झाडाखाली चटई अंथरली. कधी नव्हे तो सगळा गाव जमला होता. डॅरल गुत्ता बंद ठेवून आला होता आणि आगीचा कप्तान गणवेशात. मर्लमावशी खुर्चीत बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी, पायात लोकरी सपाता, मांडीवर पर्स.

"तूच का तो," त्या म्हणाल्या, "जो गावभर मुखिया शोधतोय आणि पोरांना गाऊ देत नाही?"

अपिसाई बसले. मागे संघ बसला. जुडी पुढे ठेवून त्यांनी तोंड उघडलं. वडिलांचे शब्द त्यांना पाठ होते, लहानपणापासून. पण नेमकं तेव्हा ओठांवर आलं ते कचेरीतलं: "वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की..." मागे उनाइसीने कपाळाला हात लावला. अपिसाईंचे कान तापले. मग त्यांनी डोळे मिटले आणि वडिलांचं सगळं सोडून दिलं, नुसतं जे होतं ते सांगितलं. आम्ही समुद्रापलीकडची माणसं. तुमच्या भूमीत आलो, तुमच्या पाण्याने तहान भागवली, आणि अजून तुम्हाला विचारलं नाही. आमच्या पणज्यांकडे इथून शब्द आला, त्याचे आभार मानायला आलो आहोत. हे आमच्या मातीतलं मूळ. हे घ्या, आणि आत या म्हणा. बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, भरदार आणि संथ, आणि तो कुणासारखा आहे हे त्यांनी क्षणात ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. बोलणाऱ्याने मधेच हात हलवायचे नसतात.

मर्लमावशींनी वाकून जुडी नीट निरखली.

"आमच्यात मुखिया वगैरे नसतो," त्या म्हणाल्या. "पण ही माझ्या आईची जागा, तिच्या आईची. आता घरात सगळ्यांत म्हातारी मी, तेव्हा या म्हणायचं ते मीच. मेंढीवाले आले, त्यांनी विचारलं नाही. रेल्वेवाल्यांनी विचारलं नाही. पहिले पाळक आले, ते तर आल्या आल्या माझ्या आईलाच म्हणाले, तू इथे कशी? तुम्ही पहिले."

त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि जुडीकडे हात नेले. तेवढ्यात गर्दीत हालचाल झाली. लायल प्रिचर्ड टोपी काढून पुढे आले. यजमानांच्या बाजूला त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तिच्याकडे न बघता ते सरळ चटईपाशी गेले, दोन्ही गुडघ्यांचा आवाज करत खाली वाकले, आणि अपिसाईंच्या पाठीशी, पाहुण्यांत, जोनेशेजारी बसले.

मर्लमावशींचे हात थांबले. "लायल, तू त्या बाजूला काय करतोयस?"

"माझं विचारायचं राहून गेलंय, मर्ल."

"एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं," लायल म्हणाले. त्यांची लाल मान आणखी लाल झाली होती.

बेरिलबाई आल्या आणि नवऱ्याशेजारी बसल्या. मग डॅरल. मग कप्तान, शिरस्त्राण मांडीवर घेऊन. चटई केव्हाच संपली, लोक गवतावर बसत गेले, आणि खुर्च्यांच्या बाजूला मर्लमावशींच्या घरची चार माणसं तेवढी उरली. तांबूस कुत्रा वेशीपासूनच मागणीत असल्याने आपल्या जागी येऊन झोपला. मर्लमावशींनी उघड्या डोळ्याने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, जुडी दोन्ही हातांनी उचलली आणि मांडीवर ठेवली. परत दिली नाही.

"या," त्या म्हणाल्या.

संघाने रीतीप्रमाणे पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. मर्लमावशींनी अपिसाईंकडे वाकून विचारलं, की आता तरी गातात का ही पोरं, की आणखी कुणाला शोधायचंय? आणि मग आठवडाभर दाबून ठेवलेलं गाणं सुटलं. देवळात जायचं भानच कुणाला राहिलं नाही, उपासना झाडाखालीच झाली. जोनेचा खालचा सूर लागला तेव्हा झाडावरचे पक्षीही गप्प झाले. शांत मुलांचं उदाहरण देणाऱ्या आजीबाईंनी कानातलं यंत्र आधी काढलं आणि मग पुन्हा घातलं. गाणं संपल्यावर लायलना उठता येईना. त्यांना जोने आणि डॅरल यांनी दोन्ही बाजूंनी उचललं. त्यानंतर यांगोना घोटून कटोरीतून सगळ्यांना दिली. मर्लमावशींनी एका घोटात संपवून, भांडी घासलेल्या पाण्यासारखी लागते म्हणून आणखी एक मागितली.

नालोम्याला परतल्यावर अपिसाई सामान न सोडता मुखियांच्या घरी गेले. ओसरीत माणसं जमली होती, विलिकेसा पुढे.

"घेतली?" मुखियांनी विचारलं.

"घेतली," अपिसाई म्हणाले. "पण मागणी आमच्यापुरती केली होती, आणि आत आला सगळा गाव."

मुखियांनी सगळं नीट ऐकून घेतलं. लायलच्या गुडघ्यांचं त्यांनी दोनदा विचारलं. मग ते थोडं सरकले आणि आपल्या उजव्या हाताची चटईवरची जागा मोकळी केली. अपिसाईंच्या वडिलांची ती जागा होती. अपिसाई तिथे बसले, आणि विमानाला भिणाऱ्या त्या चुलतभावाने आपण होऊन त्यांच्या पुढ्यात यांगोनाची पहिली कटोरी ठेवली.